अजून एक दिवस झाडावर राहू दे

अटलांटात नवा आलेला माणूस पहिल्या आठवड्यातच हरवतो. "पीचट्रीवर उभा आहे, घ्यायला ये," असा फोन तो मित्राला करतो आणि मित्र थंडपणे विचारतो, "कुठल्या पीचट्रीवर?" पीचट्री स्ट्रीट, पीचट्री रोड, वेस्ट पीचट्री, पीचट्री सेंटर अव्हेन्यू, पीचट्री डनवुडी, पीचट्री इंडस्ट्रियल असे डझनावारी रस्ते त्या शहरात आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर पीचचं झाड औषधालाही सापडत नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटवर मात्र पीच आहे. १९९५ मध्ये तर जॉर्जियाने पीचला रीतसर राज्यफळ करून टाकलं. एवढं करून पीच पिकवण्यात पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा, आणि शेजारचं साउथ कॅरोलिनाही जॉर्जियाच्या पुढेच.

त्या साउथ कॅरोलिनाने गॅफ्नी या गावी हायवेलगत १९८१ मध्ये दहा लाख गॅलनची पाण्याची टाकीच पीचच्या आकाराची बांधली. वर पान, मधोमध खाच, रंगही हुबेहूब. दक्षिणेतल्या दमट उन्हाळ्यात वर्षानुवर्षं उघड्यावर राहून न सडलेला तो एकमेव पीच असावा.

अशा मुलखात राहायचं आणि घरामागे पीचचं झाड नाही, हे अटलांटाच्या एका उपनगरातल्या मराठी गृहस्थांच्या मनाला लागून राहिलं होतं. मंडळात आता त्यांना सगळे 'पीचवाले काका' म्हणतात. त्या काळी ते नुसतेच काका होते आणि सुखात होते.

काकांनी रीतसर अभ्यास केला. म्हणजे व्हिडिओ पाहिले. त्यातून त्यांना कळलं, की जॉर्जियाच्या पीचचं नाव देशभर झालं ते एल्बर्टा या जातीमुळे, आणि ती जात एकोणिसाव्या शतकात मार्शलव्हिल गावच्या सॅम्युअल रम्फ नावाच्या बागाइतदाराने काढून तिला आपल्या बायकोचं नाव दिलं. ही माहिती त्यांनी जेवताना सांगितली, ती चूकच झाली.

"बघा," काकू म्हणाल्या. "तिकडे नवऱ्याने फळाला बायकोचं नाव दिलं. तुम्ही वायफायच्या पासवर्डलासुद्धा दिलं नाहीत."

रोपवाटिकेतल्या माणसाने काकांना एकच प्रश्न विचारला, "फवारणीची तयारी आहे ना?" काका अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे सगळं ऑरगॅनिक." तो माणूस काही बोलला नाही. हसला आणि पैसे घेतले. दक्षिणेच्या दमट हवेत फवारणीशिवाय पीच पिकवू म्हणणाऱ्यांना तिथले लोक ज्या नजरेने बघतात, त्यात कीव जास्त की कौतुक, हे ठरवणं कठीण आहे.

तिसऱ्या वर्षी मार्चच्या मध्याला झाड फुललं. पीचला पानं यायच्या आधी फुलं येतात, त्यामुळे काळ्या काड्यांवर नुसता गुलाबी रंग दिसतो. काकांनी झाडासोबत, झाडाखाली आणि झाडामागे फोटो काढून घेतले. ते मंडळाच्या ग्रुपवर गेले, सोसायटीच्या जुन्या ग्रुपवर गेले, शाळेच्या १९८४ च्या बॅचच्या ग्रुपवर गेले. सगळ्यांनी हात जोडले. हे सगळं चाललेलं असताना पाऊस पडत होता आणि हवा उबदार होती. फूल काही तास ओलं राहिलं आणि हवा वीस-पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास असली, की मोनिलिनिया फ्रुक्टिकोला या बुरशीला आणखी काही लागत नाही. काकांच्या झाडाजवळ तिचं माहेरघरही होतं. कुंपणापलीकडे रानटी प्लमची जाळी माजली होती, आणि या बुरशीचा ब्राउन रॉट हा रोग पीचसकट प्लम, चेरी, जर्दाळू, नेक्टरीन या सगळ्या कठीण कोयीच्या गोतावळ्यात सुखाने नांदतो.

काही फुलं तपकिरी पडली. गळून जायच्या ऐवजी तिथेच काडीला चिकटून बसली आणि त्यांच्या बुडाशी मधाच्या रंगाचा चिकट थेंब आला. ही रोगाची पहिली पायरी. जाणकार माणूस इथे कात्री घेऊन ती काडी खाली निरोगी लाकडापर्यंत छाटतो. काका म्हणाले, "फूल सुकलं म्हणजे फळ धरलं." काकूंनी तो थेंब नखाने खरवडून पाहिला. "अहो, हा तर डिंक आहे. सुंठ आणि खारीक तेवढी आणा, लाडू वळते."

जी फुलं वाचली त्यांना फळं धरली, आणि भरमसाट धरली. एकेका फांदीवर गर्दी. शेजारचे म्हातारे अमेरिकन गृहस्थ कुंपणापाशी आले. त्यांचं लहानपण मध्य जॉर्जियात बागांमध्ये गेलेलं. ते म्हणाले, "फळं सुपारीएवढी आहेत तोवर निम्म्याहून जास्त पाडून टाका. दोन फळांत वीतभर अंतर हवं." सुपारी आणि वीत हे अर्थात काकांनी मनात केलेलं रूपांतर. म्हाताऱ्याने नाणं आणि सहा-आठ इंच म्हटलं होतं.

"पाडायची?" काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "आमच्याकडे वाऱ्याने पडलेल्या कैरीचंसुद्धा लोणचं घालतात."

म्हाताऱ्याला लोणचं म्हणजे काय ते माहीत होतं, कारण काकूंच्या बरण्या त्याच्याकडे जात. त्यामुळे त्याने वाद घातला नाही. काकांनी शास्त्राचा मान म्हणून तीन फळं तोडली. त्यांतली दोन चुकून तुटली.

मराठी माणसाच्या झाडाला फळ लागलं, की ते खाण्याआधी त्याला जाहीर करावं लागतं. काकांनी जून महिन्यातला एक शनिवार मुक्रर करून 'पीच पार्टी' जाहीर केली. एकवीस कुटुंबांनी होकार कळवला. ज्यांनी गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला उत्तरसुद्धा दिलं नव्हतं, त्यांनीही कळवला.

सोमवारी फळांवर लाली चढली. मंगळवारी काकू म्हणाल्या, "तोडायला झालीत. देठाकडचा हिरवा रंग जाऊन पिवळा आलाय." काकूंचं माहेर देवगडचं. फळ तोडायचा दिवस कोणता, या विषयावर त्यांच्या घरात चार पिढ्या भांडणं झालेली आहेत. काकांनी मान तिरपी करून एका फळाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून एक दिवस झाडावर राहू दे. साखर भरेल."

साखर भरली. जॉर्जियाच्या उन्हाळ्यात दुपारी जो गडगडाट होतो, तो बुधवारी झाला. पाऊस तासभर पडला आणि झाड रात्रभर निथळत राहिलं. ब्राउन रॉटची हीच तर गंमत आहे. बुरशी हिरव्या फळात आधीच शिरून आठवडेच्या आठवडे गप्प बसू शकते. वरून काही दिसत नाही. काढणीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत फळ मऊ आणि गोड होऊ लागलं, की तिला जाग येते. माणूस आणि बुरशी एकाच दिवसाची वाट बघत असतात. फरक इतकाच, की बुरशी अजून एक दिवस थांबू म्हणत नाही.

गुरुवारी सकाळी एका फळावर टिकलीएवढा तपकिरी डाग होता. काका म्हणाले, "पक्ष्याने चोच मारली असेल." संध्याकाळी तो रुपयाएवढा झाला. शुक्रवारी अर्धं फळ तपकिरी होतं, आणि ज्या बाजूने ते शेजारच्या फळाला टेकलं होतं, बरोबर त्याच जागी शेजारच्या फळाला दुसरी टिकली उमटली होती. न विरळलेल्या झुपक्यांत सगळीच फळं एकमेकांना टेकलेली. शनिवारी सकाळी डागांवर मातकट राखाडी भुकटीचे पुंजके उठले होते, काही फळांवर तर गोलगोल वर्तुळांत. फळ गळून पडलं नव्हतं, त्याला पाणीही सुटलं नव्हतं. आकार जसाच्या तसा ठेवून ते फक्त आतबाहेर तपकिरी झालं होतं.

पहिल्या गाडीतून उतरलेल्या पाहुण्याने झाडाकडे पाहून विचारलं, "काका, ही कुठली व्हरायटी? चॉकलेट पीच?" त्याच्या मुलाने फांदी हलवली आणि राखाडी धूर उडाला. तो धूर म्हणजे लाखो बीजाणू, आणि उरलीसुरली चार फळं त्या धुराच्या वाटेतच होती.

काकूंनी मागच्या दाराने मोठ्या मुलाला दुकानात पिटाळलं. त्याने टिनातले पीच आणले. काकूंनी ते पाकातून काढले, पुसले, वर केशर आणि वेलची टाकून श्रीखंडासोबत काचेच्या वाडग्यात मांडले. एकवीसही कुटुंबांचं एकमत झालं, की घरच्या फळाची चवच वेगळी. "दुकानातलं असं लागतच नाही," असं एका बाईंनी तीनदा सांगितलं. काकांनी हे सगळं कौतुक अत्यंत विनयाने स्वीकारलं आणि रात्री झोपेपर्यंत त्यांचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्यानंतर सल्ले सुरू झाले. साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर आंबट ताक फवारायला सांगितलं. काकांनी फवारलं. बुरशी गेली नाही, रॅकून मात्र दोन यायला लागले. सांगोल्याचे साडू डाळिंबवाले. ते डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या तडाख्यातून गेलेले, त्यामुळे त्यांच्याकडे सहानुभूती होती, पण ती सरळ बाहेर पडत नसे.

"किती झाडं आहेत?"

"एक."

"मग त्याला बाग का म्हणता?"

काका गप्प.

"आणि आमच्यावर तेल्या आला त्या वर्षी आम्ही गावजेवण घातलं नव्हतं. बरं, तेल्या जिवाणूचा, तुमचं दुखणं बुरशीचं. बोर्डो मारा."

बोर्डो मारायला काका निघालेच होते. बोर्डोसारखी तांब्याची औषधं पीचच्या हिरव्या पानांना सोसत नाहीत, ती झाड निष्पर्ण असताना मारायची असतात, हे काकूंनी आयत्या वेळी वाचून काढलं म्हणून पानं वाचली. पण ती वाचली ती फक्त आठवडाभर. कारण काकांनी मग कॅप्टन नावाचं बुरशीनाशक आणलं. ते पीचवर खरोखर चालतं, बागाइतदार ते पिढ्यान् पिढ्या वापरतात. पण 'ऑरगॅनिक'चा शब्द मनातून जाईना, म्हणून प्रायश्चित्तादाखल त्यांनी त्यात कडुनिंबाचं तेल मिसळलं. कॅप्टनबरोबर किंवा त्याच्या आगेमागे तेल मारायचं नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असतं. आयुष्यभर करारांतली बारीक अक्षरं वाचून पोट भरलेल्या काकांनी नेमकी तेवढी अक्षरं वाचली नाहीत. तेल औषधाला पानाच्या आत ओढून नेतं. चौथ्या दिवशी पानांवर भाजल्यासारखे डाग पडले आणि सातव्या दिवशी जून महिन्यात काकांच्या अंगणात पानगळ सुरू झाली.

पुढच्या वर्षीही हेच नाटक झालं, फक्त पार्टी तेवढी ठेवली नव्हती. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने काकांना कौंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात नेलं. १९१४ च्या कायद्यापासून अमेरिकेत ही सोय आहे. विद्यापीठाचं शेतीज्ञान गावोगाव पोचवायचं, आणि कुणीही फांदी घेऊन यावं आणि विचारावं. तिथल्या बाईंनी पिशवीतलं फळ बघायच्या आत रोगाचं नाव सांगितलं.

"मागच्या वर्षीची सुकलेली फळं झाडावर आहेत?"

"आहेत ना. पक्ष्यांसाठी ठेवलीत."

"आणि जमिनीवर पडलेली?"

"ती खत होतील म्हणून."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या सुरकुतलेल्या, काळ्या, दगडासारख्या फळांना बागाइतदार ममी म्हणतात आणि बुरशी हिवाळा काढते ती त्यांत. झाडावर लटकलेल्या ममीतून वसंतात थेट फुलांवर बीजाणूंचा वर्षाव होतो. जमिनीवरच्या, अर्धवट मातीत रुतलेल्या ममीतून बारीक देठाचे तपकिरी पेले उगवतात आणि ते आपले बीजाणू वर हवेत सोडतात. हे पेले उगवतात नेमके पीच फुलतो त्याच सुमाराला.

काकांनी ते पेले पाहिले होते. इतकंच नाही, त्यांचा जवळून फोटो काढून 'निसर्गाची किमया' म्हणून तो शाळेच्या बॅचला पाठवला होता आणि त्याला शंभरच्या वर बदाम मिळाले होते.

बाईंनी सांगितलेला उपाय ऐकायला अगदी सोपा होता, आणि त्यातला प्रत्येक भाग मानवी स्वभावाच्या विरुद्ध होता. हिवाळ्यात, जेव्हा झाडाची आठवणही येत नाही, तेव्हा एकूण एक ममी तोडून, वेचून, अंगणाबाहेर घालवायची. रोगट काड्या छाटायच्या. झाडाच्या मधल्या फांद्या काढून ते आतून मोकळं करायचं, म्हणजे वारा खेळतो आणि पाऊस लवकर वाळतो. सुंदर, भरगच्च झाड दिसलं की समजायचं, मालक आळशी आहे. सुपारीएवढी फळं निर्दयपणे विरळायची. फुलोऱ्यात फवारायचं, मधमाश्या घरी गेल्यावर, संध्याकाळी. आणि मग काढणीच्या आधीच्या तीन आठवड्यांत पुन्हा. सडलेलं फळ दिसताक्षणी काढायचं, पक्ष्यांच्या पुण्याचा विचार न करता.

"आणि दरवेळी एकाच गटाचं औषध नको," बाई म्हणाल्या. "आलटून पालटून."

काकांनी परतीच्या वाटेवर दोन बाटल्या घेतल्या. एक निळी, एक हिरवी. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी नावं. एकात मायक्लोब्युटानिल, दुसऱ्यात प्रोपिकोनाझोल. घरी आल्यावर काकूंनी दोन्हींवरचा छोटा चौकोन दाखवला. दोन्हींवर आकडा तोच, ३. गट एकच. निळ्यानंतर हिरवी मारणं म्हणजे त्याच माणसाला शर्ट बदलून पुन्हा आत पाठवणं. त्या दोन बाटल्यांची पावती काकांनी खिशात लपवली. त्याच आठवड्यात त्यांनी हापूसच्या पेटीचा भाव ऐकून काकूंना सुनावलं होतं, "एवढ्या डॉलरमध्ये इथे माणूस जेवतो." तो आंबा २००७ मध्ये अमेरिकेचं दार उघडल्यापासून विकिरण करून, विमानात बसून येतो, त्याचं काही नाही.

आकड्यांची ही भानगड उगीच नाही. बेनोमिल नावाचं औषध आलं तेव्हा रोगाचा निकाल लागला असं वाटलं होतं. १९७० च्या दशकातच बुरशी ते पचवायला शिकली. पुढे तीन नंबरच्या गटातली औषधंही जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनातल्या बागांमधल्या काही बुरशींनी पचवली. मग आपल्या बागेतली बुरशी कशाला भीक घालते, हे बागाइतदाराला फवारण्याआधी कळावं म्हणून क्लेम्सन आणि जॉर्जिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास एक झकास तपासणी काढली. ओठांना लावायच्या मलमाची जी फिरकीची नळी मिळते, तिच्यात मलमाऐवजी बुरशीनाशक मिसळलेलं अगार भरायचं, खालचं चाक फिरवून कांडी वर काढायची, चकत्या कापायच्या आणि सडक्या फळावरचे बीजाणू त्यांवर टेकवायचे. चकतीवर बुरशी वाढली तर ते औषध विसरायचं. ही हकिकत ऐकल्यावर काकूंनी आपली लिप बामची नळी काकांच्या नजरेआड ठेवली.

बुरशीला आत शिरायला जखम असली तर सोन्याहून पिवळं. म्हणून तिच्याइतकंच तिच्या दलालांकडे बघावं लागतं. प्लम करक्युलिओ नावाचा सोंडकिडा फळाला चंद्रकोरीच्या आकाराचा चावा घेऊन अंडी घालतो, आणि त्या चंद्रकोरीतून बुरशी आत जाते. या किड्यावर एक जुनाट उपाय आहे. पहाटे गारव्यात किडा सुस्त असताना झाडाखाली पांढरी चादर अंथरायची आणि खोडाला कापड गुंडाळलेल्या सोट्याने दणका द्यायचा. किडे टपाटप खाली पडतात. पडल्यावर ते पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतात आणि हुबेहूब वाळक्या कळीसारखे दिसतात.

काकांना हा उपाय मनापासून आवडला, कारण त्यात विकत काही घ्यायचं नव्हतं. पहाटे साडेपाचला टी-शर्ट आणि लेंग्यातला एक गृहस्थ काळोखात झाडाला बडवतोय आणि मग बॅटरी लावून चादरीवर ओणवा होऊन कचऱ्याला "आता उठतोस का नाही?" असं मराठीत दरडावतोय, हे दृश्य समोरच्या नव्या भाडेकरूने खिडकीतून पाहिलं. त्याने पोलिसांना फोन करायच्या आत शेजारचा म्हातारा मध्ये पडला, म्हणून बरं. चादर काकूंच्या लग्नातली होती. तो विषय अजून मिटलेला नाही.

पुढची पायरी पिशव्यांची. जपानात ओकायामाकडचे पांढरे पीच झाडावरच कागदी पिशव्यांत वाढवतात आणि क्लेम्सनच्या मंडळींनीही दक्षिणेत तो प्रयोग करून पाहिला आहे. साडूंनी सांगितलं, "यात नवीन काय? आमच्या शेजारचे द्राक्षवाले घडांना पेपर लावतात." काकांनी शिडीवर चढून एकेका फळाला पिशवी बांधली. झाड लग्नघरासारखं दिसू लागलं. तिसऱ्या दिवशी खारी आल्या. खारींना आतापर्यंत पानांआड फळं शोधावी लागत होती; आता प्रत्येक फळाच्या जागी पांढरी खूण होती. त्यांनी पिशव्या फाडल्या नाहीत, व्यवस्थित सोडल्या, पीचला एक-दोन चावे घेतले आणि बाकीचा भाग बुरशीसाठी ठेवला. काकांना सगळ्यात जास्त राग आला तो त्या एक-दोन चाव्यांचा. "खायचं तर पूर्ण खा," ते खिडकीतून ओरडले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईचं हेच वाक्य होतं.

एकट्या काकांचीच ही फजिती नाही. युरोपने या फ्रुक्टिकोलाला अनेक वर्षं प्रवेशबंदी केली होती. तिथे तिच्या चुलतबहिणी आधीपासून होत्याच, ही आणखी कशाला, म्हणून. २००१ मध्ये ती फ्रान्समध्ये सापडली, मग इतर देशांत, आणि २०१४ मध्ये युरोपीय संघाने तिला बंदीच्या यादीतून काढूनच टाकलं. आता आलीच आहेस तर राहा, असा तो मामला. प्रकट होण्यापासून कायम होण्यापर्यंत तेरा वर्षं. अटलांटातल्या ज्या भारतीय घरांत ग्रीन कार्डाच्या रांगेची चर्चा चालते, तिथे हा आकडा ऐकून थोडी शांतता पसरली.

खरी अडचण डिसेंबरात येते. ममी वेचायच्या, फांद्या छाटायच्या, झाड मोकळं करायचं, हे सगळं हिवाळ्यात. आणि अमेरिकेतला मराठी माणूस हिवाळ्यात झाडापाशी नसतोच. शाळांना सुटी लागली, की तो चार रिकाम्या बॅगा घेऊन भारतात जातो. काका पुण्यात लग्नाच्या पंगतीत बसलेले असताना तिकडे त्यांच्या झाडावर ममी निवांत झोके घेत. एका वर्षी त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला व्हिडिओ कॉल लावून हॉलमधूनच देखरेख केली. "डावीकडची... नाही, त्याच्या वरची... हां, तीच!" सनईच्या आवाजात म्हाताऱ्याला काही ऐकू येत नव्हतं, पण त्याने सगळ्या तोडल्या. बक्षीस म्हणून त्याला एक पैठणी मिळाली. तिचं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही, म्हणून त्याने ती जेवणाच्या टेबलावर अंथरली आहे.

आणि त्या वर्षी, म्हणजे ममी गेल्या, प्लमची जाळी तोडली, काकूंनी काका ऑफिसला गेल्यावर गुपचूप निम्मी फळं विरळली, बाईंच्या वेळापत्रकाप्रमाणे दोन खऱ्याखुऱ्या वेगळ्या गटांची औषधं लेबल वाचून मारली, त्या वर्षी झाडावर टिकल्या पडल्या त्या अगदी थोड्या. तरी काढणीच्या आठवड्यात काका मान तिरपी करून झाडापाशी उभे राहिलेच. काकूंनी त्यांना बाजूला सारलं आणि फळं घट्ट असतानाच, देठाकडे पिवळा रंग फिरताच, सगळी उतरवली. पीच आंब्यासारखाच झाडावरून काढल्यावर घरात पिकतो. मग त्याला बुरशीच्या तोंडी का ठेवायचा, हा देवगडचा साधा हिशेब होता.

फक्त अढी लावताना देवगडची पद्धत चालेना. गवतात एकावर एक थर दिले तर एका सडक्या फळापासून सगळा थर जातो. त्यामुळे एकेरी ओळ, खाली वर्तमानपत्र, फळाला फळ टेकता कामा नये. पहिल्या दिवशी जेवणाचं टेबल भरलं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं टेबल, मग मुलाचं अभ्यासाचं टेबल, मग पाहुण्यांच्या खोलीतला डबल बेड. घरात उभ्याने जेवण सुरू झालं.

नेमके त्याच आठवड्यात सांगोल्याचे साडू अमेरिका बघायला आले. त्यांना त्यांची खोली दाखवण्यात आली. बेडवर तांबूस पिवळ्या पीचच्या सरळ रांगा, मध्ये वीतभर अंतर. साडूंनी बॅग खाली ठेवली, वाकून एक फळ उचललं आणि पिकलं का ते बघायला अंगठ्याने दाबलं.

"दाबू नका!" काका दारातून किंचाळले. "जखम झाली की तिथूनच आत शिरते!"

साडूंनी जखम झालेलं फळ नियमाप्रमाणे बाजूला काढायचं म्हणून खाऊन टाकलं. रस कोपरापर्यंत आला. नॅपकिन मागून त्यांनी आणखी एक दाबलं. रात्री सोफ्यावर बसून त्यांनी कागद-पेन्सिल मागवली आणि बाटल्या, पिशव्या, पंप, शिडी, छाटणीची कात्री, चादर, पैठणी असा जमाखर्च मांडून एका पीचचा भाव काढला. तो आकडा ऐकून काका पाणी प्यायला आत गेले. काकूंनी कागद घडी घालून फ्रिजवर लावला आणि जाहीर केलं, की पुढच्या एप्रिलपासून या घरात हापूसच्या पेटीच्या किमतीवर चर्चा होणार नाही. साडूंनी हात वर करून अनुमोदन दिलं. त्या हातात पाचवा पीच होता.